पंचवीस पौंडांचा गारवा

लिंबूसोडा करण्याच्या दोन रीती आहेत. एक गाडीवाला ग्लासात आधी लिंबू पिळतो, त्या रसात मीठ विरघळवतो आणि मग वरून सोडा सोडतो. दुसरा आधी सोडा ओततो आणि शेवटी काळ्या मिठाची चिमूट टाकतो. ग्लास उसळतो, फेस काठावरून बोटांवर येतो आणि बघणाऱ्याचा जीव सुखावतो. मी पहिल्या रीतीचा माणूस आहे. दुसऱ्या रीतीत जे उसळतं तो सोड्यातला गॅस असतो. पाण्यात विरघळलेल्या गॅसला बुडबुडा व्हायला कुठलीतरी खरबरीत जागा लागते, आणि मिठाचा कण न् कण ती जागा देतो. जे जिभेवर घडायचं ते ग्लासातच घडून जातं आणि हातात उरतं ते खारट लिंबूपाणी.

एवढा बारकावा कशाला, असं ज्याला वाटेल त्यानं एकदा नवतपात वर्ध्याला यावं. मे संपता संपता सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, पारा पंचेचाळिसाच्या आगेमागे रेंगाळतो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. घराघरातून कूलरच्या ओल्या गवताचा वास येतो. रस्ता रिकामा असतो. अशा दुपारी गार, चावरा सोडा घशाखाली उतरतो तेव्हा त्यातलं प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू येतं. इथल्या उन्हानंच मला सोडा वाचायला शिकवलं.

आता हा सोडा माझ्या मागच्या पडवीत नळाला येतो. मांडणी मोठी नाही. एक जुना फ्रीज, त्याच्या पोटात १९ लिटरचं स्टीलचं उभं पिंप, बाहेर सावलीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर, आणि फ्रीजच्या दारातून बाहेर काढलेली स्टीलची तोटी. ही पिंपं घरी बिअर बनवणाऱ्यांमुळे आज ओळखीची झाली आहेत, पण मुळात ती सोडा फाउंटनसाठीच घडवलेली. शीतपेयांची सरबतं त्यांतून दुकानोदुकानी जात. त्यांच्या डोक्यावर दोन तोंडं असतात. एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून सोडा वर येतो.

या नळाच्या एका ग्लासाचं, तेही साध्या सोड्याच्या ग्लासाचं, रसग्रहण मला करायचं आहे. जिरा मसाला, काला खट्टा, ऑरेंज, फ्रूट बिअर हे सगळं मला वर्ज्य नाही. सावजी रस्सा खाऊन उठल्यावर जिरा सोड्याशिवाय पान हलत नाही हेही खरं. पण सरबत ही टीका आहे, मूळ श्लोक साधा सोडाच. ज्याचा साधा सोडा लंगडा, त्याचा जिरा सोडा नुसत्या मसाल्याच्या कुबडीवर उभा असतो.

सुरुवात कानापासून. चांगल्या नळाची धार आवाज करत नाही. फसफस ऐकू आली की ओळखावं, गॅस वाटेतच सुटला. धार दोरीसारखी सलग, काचेसारखी पारदर्शक उतरायला हवी, आणि ग्लास भरून नळ बंद झाल्यावर मग ग्लासानं बोलावं. तो आवाज फार बारीक असतो, मुठीतून तांदूळ परातीत सोडावेत तसा. पृष्ठभागावर फुटणाऱ्या बुडबुड्यांचे सूक्ष्म तुषार वर उडतात. नाक जवळ नेलं तर ते वरच्या ओठाला लागतात. लिंबाचा किंवा काळ्या मिठाचा वास सोड्यात इतका पुढे का येतो, त्याचं एक कारण या तुषारांत आहे. ते वास उचलून नाकापर्यंत आणून देतात.

मग डोळा. बुडबुडे ग्लासात कुठून निघतात ते पाहावं. स्वच्छ, गुळगुळीत काचेवर ते जवळजवळ जन्मतच नाहीत. फडक्यानं पुसताना राहिलेला सुताचा तंतू, हवेतून पडलेला धुळीचा कण, काचेवरचा ओरखडा, अशा एखाद्या ठिकाणाहून बुडबुड्यांची माळ सुरू होते आणि त्याच बिंदूतून अखंड चालू राहते. वर जाताना प्रत्येक बुडबुडा वाटेतला गॅस पोटात घेत मोठा होतो, म्हणून माळेतले मणी खाली बारीक आणि वर टपोरे, आणि त्यांच्यातलं अंतरही वर वाढत जातं. दोन-चार माळा असाव्यात. सगळा ग्लासच पांढरा झाला तर ग्लास मळका आहे किंवा सोडा कोमट आहे. मी ग्लास पुसत नाही. गार पाण्यानं विसळतो आणि ओलाच नळाखाली तिरका धरतो, म्हणजे धार काचेवरून घसरत उतरते.

आणि मग जीभ. सोडा चावतो असं आपण म्हणतो, आणि चावणारे बुडबुडेच असं इतके दिवस सगळ्यांना वाटत आलं. ते तसं नाही. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर एक विकर असतं. ते कार्बन डायऑक्साइडचं आम्लात रूपांतर करतं आणि त्या पेशी चेतवतं. हे २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानं दाखवलं. त्याला जोड मिळते ती वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंची, जे मिरचीलाही जागे होतात. पुढे दाबाच्या बंद खोलीत, जिथे बुडबुडे तयारच होऊ शकत नाहीत, माणसांना सोडा पाजून पाहिला, तरी तो तितकाच चावला. म्हणजे सोड्याची चव ही एकाच वेळी आंबट आणि तिखट आहे, आणि त्या आंबटाचा पदार्थ कुठल्या फळातला नाही, तो तोंडातच तयार होतो. हे कळल्यापासून मी घोट गिळायची घाई करत नाही. आधी गारवा लागतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग जिभेच्या कडांवरून तो डंख उठत येतो. ही मधली रिकामी जागा मला फार प्रिय आहे. गायक समेवर येण्याआधी श्वास धरून ठेवतो ना, तितकीच ती असते. कोमट सोड्यात ती सापडत नाही. तिथे फेस आणि डंख एकमेकांच्या अंगावर पडतात.

डंख ओसरल्यावर मागे काय राहतं ते पाण्यावर अवलंबून. आमच्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार गॅसच्या आंबटपणाची धार बोथट करतात. उलट आरओचं पाणी इतकं धुतलेलं, की त्याचा सोडा पोकळ लागतो, शेवटी जिभेला धरायला काही उरत नाही. मी आरओच्या १७ लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ घालतो. याहून जास्त झालं तर साबणाची चव येते. सोडावॉटर हे नाव मुळात इथूनच आलं. जुन्या काळी त्या पाण्यात खरोखरच सोडा घालत. पुढे पुष्कळ ठिकाणी तो गेला आणि नाव राहिलं. इथून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी उपासाच्या काळात पाण्यात मीठ किंवा खाण्याचा सोडा टाकून घेत. त्या पाण्यात गॅस नव्हता आणि रसिकतेचा प्रश्नही नव्हता. पण पाणी नुसतं पाणी असलं की घशाखाली उतरत नाही आणि चिमूटभर क्षारानं ते उतरतं, ही जाण त्यातही आहेच.

या ग्लासाचा प्राण मात्र गारव्यात आहे, आणि इथे वर्ध्याचं ऊन सोड्याच्या थेट विरोधात उभं राहतं. पाणी जितकं गार तितका गॅस त्यात जास्त मावतो. गोठणबिंदूजवळच्या एक लिटर पाण्यात, साध्या हवेच्या दाबाला, सुमारे पावणेदोन लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. तेच पाणी चाळीस अंशांवर असलं तर जेमतेम अर्धा लिटर. चांगल्या चावऱ्या सोड्याला लिटरमागे चार लिटरांच्या आसपास गॅस लागतो. पाणी चार अंशांवर असेल तर त्यासाठी पंचवीस पौंड दाब पुरतो. तीस-बत्तीस पौंड हवा आपण गाडीच्या चाकात भरतो, त्याहून हा कमीच. पण नवतपातल्या दुपारचं चाळीस अंशांचं पाणी घेतलं तर त्याच चवीसाठी पंच्याण्णव पौंड लागतील. आणि एवढं करून तो सोडा ग्लासात पडला की दाब सुटताच सगळा गॅस उधळून जाईल.

पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं. नळ बसवल्याच्या उत्साहात दुपारीच पिंप भरलं, दाब दिला, हलवलं. ग्लासात आला तो पांढरा फेस, आणि फेस बसल्यावर खाली राहिलं ते निर्जीव पाणी. चूक यंत्राची वाटली, म्हणून मी दाब वाढवला. फेस वाढला. आधी गारवा, मग गॅस, हा क्रम समजायला मला आठवडा लागला. आता पाणी रात्रभर फ्रीजमध्ये निवतं आणि मगच त्याची गॅसशी गाठ पडते.

सिलिंडरची गोष्ट याहून अद्भुत आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड दाबाखाली द्रव होऊन बसलेला असतो, वर वायू आणि खाली द्रव. डिसेंबरच्या सकाळी अर्धा भरलेला सिलिंडर जरा हलवला तर आत काहीतरी डुचमळल्याचं हाताला कळतं. मेच्या दुपारी तोच सिलिंडर हलवा, काही डुचमळत नाही. एकतीस अंशांच्या वर हा पदार्थ द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबलं तरी. द्रव आणि वायू यांच्यातली सीमा पुसली जाते आणि आत एकच दाट असं काहीतरी भरून राहतं. थंड देशांत घरी सोडा करणाऱ्याला हा अनुभव सहसा येत नाही. वर्ध्यात तो वर्षातले कित्येक महिने रोजच्या दुपारचा आहे. वीस अंशांना आतला दाब सुमारे ८३० पौंड असतो. पूर्ण भरलेला सिलिंडर पंचेचाळीस अंशांपर्यंत तापला तर तो दीड हजारांच्या वर जातो. म्हणून सिलिंडर उन्हात ठेवायचा नाही, भिंतीला साखळीनं बांधायचा, आणि खांद्यावर कोरलेली दाबचाचणीची तारीख वाचल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. देशभरातल्या अशा सिलिंडरांवर ज्यांची नजर असते त्या ‘पेसो’चं मुख्यालय आमच्या शेजारी नागपुरातच आहे. गॅस अन्नात चालणाराच हवा. आणि जागा मोकळी हवी, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो आणि बंद खोलीत जिवावर बेततो. माझी पडवी दोन बाजूंनी उघडी आहे, म्हणूनच तो तिथे आहे. एक किलो गॅसमध्ये, थोडी गळती धरूनही, ऐंशी-शंभर लिटर सोडा होतो.

पिंपात पाण्याच्या वर जी हवा अडकते ती काढावी लागते. गॅस भरायचा, वरची कडी ओढून सोडून द्यायचा, पुन्हा भरायचा, असं चार वेळा. हवा राहिली तर काटा पंचवीस दाखवतो, पण त्या पंचविसात हवेचाही वाटा असतो, आणि सोडा अळणी होतो. नळी मुद्दाम बारीक आणि लांब घ्यायची. माझी साडेसात मीटर आहे, वेटोळं करून फ्रीजमध्येच ठेवलेली. त्या लांबीत घासत घासत दाब हळूहळू उतरतो आणि तोटीपाशी सोडा शांतपणे पोचतो. आखूड नळीतून तो आदळतो. आणि वाटेत कुठेही तांबं-पितळ नको. आंबट वस्तू बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नये, हे आमच्या आईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सोडा दिसायला पाणी असला तरी आंबटच आहे, आणि तांब्याला तो तसाच खातो.

तोटी बाहेरच्या उन्हात तापते, म्हणून पहिला अर्धा पेला फेसाळ येतो. तो तुळशीला जातो. उपाय मला माठावरून सुचला. तोटीला ओला फडका गुंडाळून ठेवला. इथली कोरडी हवा त्याचं पाणी भराभर ओढून घेते आणि धातू निवतो. मुंबईच्या दमट हवेत हे इतकं साधणार नाही.

मुंबई-पुण्याकडे सोड्याची परंपरा पारशी घराण्यांनी उभी केली. मुंबईचं पालनजी १८६५चं, पुण्याचं अर्देशीर १८८४चं, ड्यूक्स १८८९चं. आमच्याकडे पोचली ती गोटी. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ साली पेटंट घेतलेली ती बाटली, मानेत चिमटा काढल्यासारखी, आत काचेची गोटी. आमच्या शेजारचे काकाजी लहानपणी गोटी सोड्याचं यंत्र फिरवत. पाणी भरलेली बाटली लोखंडी चौकटीत अडकवायची, गॅस सोडायचा आणि दांड्यानं चौकट गरगर फिरवायची. पाणी आणि गॅस एकमेकांत घुसळले जातात. बाटली उलटी झाली की गोटी तोंडाशी येते आणि आतलाच दाब तिला रबराच्या कड्यावर आवळून धरतो. झाकण बाहेरून बसवायचंच नाही. जो गॅस निसटायला बघतो तोच दार लावून घेतो. मला या बाटलीपेक्षा सुंदर रचना स्वयंपाकघराच्या आसपास दुसरी माहीत नाही.

काकाजींनी माझ्या नळाचा पहिला ग्लास शेवटपर्यंत प्यायला आणि म्हणाले, “गार त हाय. चावते बी बराबर. पन बोलत नाही बावा.”

ते बरोबर होतं. गोटी अंगठ्यानं आत ढकलताना जो ‘ठक्’ होतो आणि पाठोपाठ तो सुस्कारा, तिथून गोटी सोड्याची सुरुवात आहे. जीभ त्या आवाजानंच सावध होते. ओतताना गोटी मानेतल्या खळग्यात धरून ठेवायची, नाहीतर ती धार अडवते. म्हणजे बाटली तिरकी करण्यातही हाताची समज लागे. माझ्या नळाला ती सलामी नाही. त्याचं मौन हाच त्याचा गुण आहे हे मी काकाजींना सांगितलं, ग्लास कानाशी धरायला लावला. ते बराच वेळ ऐकत राहिले. “बारीक बोलून राहिला,” म्हणाले. पण गोटीचं दुःख त्यानं भरून आलं नाही, आणि येऊही नये. चवीत मात्र नळ पुढे आहे असं मी मानतो. बाटलीला आपल्या वाट्याची वेळ ठरलेली असते, उघडली की संपवा. पिंपातला सोडा दहाव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखा चावतो, कारण दाब त्याच्या डोक्यावरून उठतच नाही.

आता टीकेकडे. सरबताचं प्रमाण एकास पाच, आणि सरबतही गारच हवं. संत्र्याचा मोह इथे कुणालाही पडेल. आर्वी, आष्टी, कारंजा हे आमचे संत्र्यांचे तालुके. पण नागपुरी संत्र्याचा रस उकळला की थोड्या वेळानं कडवट होतो, आणि गर सोड्यात गेला तर फेस आवरत नाही. म्हणून मी रसाच्या नादी लागत नाही. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा त्यांच्या सालीचा फक्त केशरी थर खिसून साखरेत चोळून ठेवतो. दोन दिवसांत साखर ओली होते, सालीतलं तेल तिनं ओढून घेतलेलं असतं. तिला थोड्या गार पाण्यात लिंबाच्या रसासह विरघळवायचं आणि कापडातून गाळायचं. सोड्यात हा वास ज्या रीतीनं वर येतो, त्याला फळ खाण्याची सर नाही असं म्हणण्याऐवजी मी म्हणेन की फळ सोलताना जो क्षणभर येतो, तो इथे ग्लासभर टिकतो.

अंबाडीच्या बोंडांचं सरबत याहून निराळं. बोंडांची लाल दलं हिवाळ्यात वाळवून ठेवलेली असतात, ती रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर उकळायची. त्याची आंबट चव सोड्याच्या आंबटपणाशी भांडत नाही, त्याला खालून आधार देते, आणि डंख ओसरला की अंबाडीचा तुरटपणा तिथून पुढे चालू होतो. रंग पाहून मुलं हाच ग्लास आधी उचलतात. वाळ्याचं सरबत मी दोनदा करून सोडून दिलं. वाळ्याला संथ पाणी लागतं, माठातलं. त्याचा वास सोड्याच्या धांदलीत हरवतो.

रात्री अकरानंतर गच्चीवरची टाकी जरा निवते. पिंप तेव्हा धुऊन भरतो, सोडा-मीठ ढवळतो, झाकण लावून फ्रीजमध्ये उतरवतो. पहाटे पाचला गॅस जोडायचा, चार वेळा हवा सोडायची, काटा पंचवीसवर आणायचा. दोन दिवस हात लावायचा नाही.